इंग्रजी नाउन फ्रेज: मुख्य नाम कुठे असतं आणि त्याच्या आजूबाजूला काय बसतं

‘कपाटावर ठेवलेली आजोबांची ती जुनी लाकडी पेटी.’ हे सगळं वर्णन ज्या वस्तूचं आहे ती वस्तू, म्हणजे पेटी, मराठीत सगळ्यात शेवटी येते. इंग्रजीत हेच ‘दॅट ओल्ड वुडन बॉक्स ऑफ ग्रँडफादर्स ऑन टॉप ऑफ द कपबर्ड’ असं होतं. ‘बॉक्स’च्या आधी तीन शब्द आहेत आणि बाकीचा सगळा मजकूर त्याच्या मागे गेला आहे. हा अख्खा शब्दसमूह म्हणजे नाउन फ्रेज आणि ‘बॉक्स’ हे त्यातलं मुख्य नाम. मराठीभाषकाच्या इंग्रजीतल्या बऱ्याच चुका, म्हणजे आर्टिकल (‘अ’, ‘ॲन’, ‘द’) गाळणं, ‘इज’च्या जागी ‘आर’ घालणं, लांब वाक्याचा गुंता होणं, या शब्दसंग्रह कमी पडल्यामुळे होत नाहीत. मुख्य नाम कोणतं आणि त्याच्या कोणत्या बाजूला काय जातं हे पक्कं नसल्यामुळे होतात.

शाळेत सर्वनामाची व्याख्या ‘नामाऐवजी येणारा शब्द’ अशी पाठ करून घेतात. इंग्रजीपुरती तरी ती अर्धवट आहे. ‘द टॉल गर्ल विथ द रेड बॅग इज माय कझिन’ हे वाक्य घ्या आणि व्याख्येप्रमाणे फक्त ‘गर्ल’ काढून तिथे ‘शी’ ठेवा. ‘द टॉल शी विथ द रेड बॅग’ असं कोणी म्हणत नाही. ‘शी’ येते ती ‘द टॉल गर्ल विथ द रेड बॅग’ या सात शब्दांच्या पूर्ण समूहाऐवजी: ‘शी इज माय कझिन’. म्हणजे सर्वनाम नाउन फ्रेजच्या जागी येतं, आणि नाउन फ्रेज कुठे सुरू होते, कुठे संपते हे ओळखायची खात्रीची चाचणीही हीच आहे. जेवढा भाग उचलून तिथे ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘दे’ किंवा ‘देम’ ठेवता येतं, तेवढी एक नाउन फ्रेज. कधीकधी ती एकाच शब्दाची असते. ‘मँगोज आर स्वीट’ यात ‘मँगोज’ हा एकटा शब्द पूर्ण फ्रेज आहे, कारण त्या जागी ‘दे’ चालतं.

वाक्यात ती मुख्यतः चार ठिकाणी दिसते: कर्त्याच्या जागी, कर्माच्या जागी, ‘इज’, ‘वॉज’ यांच्यानंतर, आणि ‘इन’, ‘ऑन’, ‘विथ’ अशा शब्दांनंतर. त्यामुळे एका फ्रेजच्या पोटात दुसरी फ्रेज असू शकते. वरच्या उदाहरणात ‘द रेड बॅग’ ही लहान फ्रेज मोठीच्या आत आहे. क्रियापदाचा घोटाळा होतो तो या पोटातल्या नामामुळे.

‘द प्राइस ऑफ अनियन्स इन द लासलगाव मार्केट हॅज फॉलन.’ इथे ‘हॅज’ की ‘हॅव’? ‘अनियन्स’ अनेकवचनी आहे आणि कानाला तेच ठळक ऐकू येतं, म्हणून हात ‘हॅव’कडे जातो. पण उतरली आहे ती किंमत. कर्त्याच्या फ्रेजमध्ये पहिला ‘ऑफ’, ‘इन’, ‘विथ’ किंवा ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ भेटला की तिथून पुढचं सगळं बोटाने झाका. उरलं ‘द प्राइस’, म्हणून ‘हॅज’. ‘द लिस्ट ऑफ सिलेक्टेड कँडिडेट्स इज ऑन द नोटीस बोर्ड’, ‘द क्वालिटी ऑफ दीज रोड्स इज पुअर’ ही वाक्यंही याच पद्धतीने सुटतात. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ज इन सांगली’ यातही झाकल्यावर ‘वन’ उरतो, म्हणून ‘लिव्ज’. मात्र ‘फ्रेंड्स’चं अनेकवचन सोडायचं नाही. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ हे चूकच, कारण अनेकांतला एक निवडायचा तर आधी अनेक हवेत.

ही युक्ती एका जागी फसते. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲबसेंट’ यात ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे नुसतं ‘बरेच’, मुख्य नाम ‘स्टुडंट्स’. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज फॉर्टी’ यात खरोखर संख्येबद्दलच बोलणं चाललंय, मुख्य नाम ‘नंबर’. ‘अ लॉट ऑफ’चंही असंच आहे, क्रियापद पुढच्या नामाकडे बघतं: ‘अ लॉट ऑफ वॉटर इज वेस्टेड’, पण ‘अ लॉट ऑफ पीपल आर वेटिंग’.

आता मुख्य नामाकडे. इंग्रजी नाम हातात आलं की पहिला प्रश्न एकच: हे मोजता येतं की नाही? आपण याचं उत्तर नकळत मराठीतून देतो. काही वेळा ते जुळतं. ‘माहिती’चं आपण ‘माहित्या’ करत नाही, इंग्रजीतही ‘इन्फर्मेशन’ला ‘एस’ लागत नाही. ‘सामान’ आणि ‘लगेज’ यांचंही तसंच. पण सल्ला–सल्ले, पुरावा–पुरावे, बातमी–बातम्या ही मराठीत सरळ मोजता येणारी नामं आहेत, आणि त्यांचे इंग्रजी जोडीदार ‘ॲडव्हाइस’, ‘एव्हिडन्स’, ‘न्यूज’ हे मोजता न येणारे. ‘ॲडव्हाइसेस’, ‘एव्हिडन्सेस’, ‘अ न्यूज’ या चुका इथून येतात. ‘न्यूज’च्या शेवटी ‘एस’ असला तरी ते एकवचनी आहे: ‘द न्यूज इज गुड’. एकच सल्ला किंवा एकच बातमी सांगायची असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘अ पीस ऑफ न्यूज’. ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’, ‘होमवर्क’ हेही याच गटातले.

उलटे सापळेही आहेत, आणि ते जास्त फसवे. मराठीत तांदूळ महाग ‘झालेत’, गहू ‘आलेत’, पैसे ‘संपलेत’, केस ‘गळताहेत’. चारही ठिकाणी अनेकवचन. इंग्रजीत ‘राइस’, ‘व्हीट’, ‘मनी’, ‘हेअर’ चारही एकवचनी: ‘माय हेअर इज फॉलिंग आउट’, ‘द मनी इज इन द बँक’. ‘अ हेअर’ म्हटलं तर भातात सापडलेला एक सुटा केस. याउलट कात्री, चष्मा, पँट आपल्याकडे एकेक वस्तू, तर ‘सिझर्स’, ‘स्पेक्टॅकल्स’, ‘ट्राउझर्स’ कायम अनेकवचनी. ‘माय स्पेक्टॅकल्स आर ब्रोकन’ आणि मोजायचं झालं तर ‘अ पेअर ऑफ सिझर्स’. ‘पोलीस’ हा शब्द इंग्रजीत नेहमी अनेकवचनी क्रियापद घेतो: ‘द पोलीस आर हिअर’. एकटा असेल तर ‘अ पोलीस ऑफिसर’.

काही नामं दोन्हीकडे वावरतात आणि अर्थ बदलतात. ‘पेपर’ म्हणजे कागद, पण ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र किंवा शोधनिबंध. ‘ग्लास’ म्हणजे काच, ‘अ ग्लास’ म्हणजे प्यायचा पेला. ‘आयर्न’ लोखंड, ‘ॲन आयर्न’ इस्त्री. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशात बघताना अर्थाबरोबर ते नाम मोजता येणारं आहे की नाही याचीही खूण दिलेली असते. तिकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि ‘अ’ लावायचा की नाही हे तिथेच लिहिलेलं असतं.

यातून सगळ्यात उपयोगी नियम निघतो. मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत उघडं राहत नाही. ‘आय बॉट बुक’ हे अपुरं आहे. ‘अ बुक’, ‘द बुक’, ‘माय बुक’, ‘दिस बुक’, ‘वन बुक’ यांपैकी काहीतरी पुढे लागणारच. मराठीत ‘मी पुस्तक घेतलं’ हे पूर्ण वाक्य आहे, म्हणून आपल्याला काही राहिलंय असं वाटतच नाही. अपवाद ठरलेल्या जोड्यांचे: ‘बाय बस’, ‘ॲट होम’, ‘इन जेल’, ‘गो टू स्कूल’, ‘हजबंड अँड वाइफ’. ‘गो टू स्कूल’ शिकायला जाणाऱ्यासाठी. पालक फी भरायला जातात तेव्हा ते ‘टू द स्कूल’ जातात. पेशंट ब्रिटिश इंग्रजीत ‘इन हॉस्पिटल’ असतो, अमेरिकन इंग्रजीत मात्र ‘इन द हॉस्पिटल’.

‘अ’ की ‘ॲन’ हे उच्चारावर ठरतं, स्पेलिंगवर नाही, आणि इथे देवनागरी वाचणाऱ्याला आयता फायदा आहे. पुढचा शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. युनिव्हर्सिटी ‘य’ने सुरू होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. तसंच ‘अ युरोपियन’, ‘अ वन-वे स्ट्रीट’, ‘अ यूपीएससी एक्झाम’. अवर ‘अ’ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन अवर’. ‘ॲन ऑनेस्ट मॅन’, ‘ॲन एफआयआर’, ‘ॲन एमएलए’, ‘ॲन एक्स-रे’, ‘ॲन एलआयसी पॉलिसी’ हेही याच हिशेबाने. ही चाचणी बिघडते ती आपल्या उच्चारामुळे. ‘यिअर’ला आपण ‘इयर’ म्हणतो, म्हणून ‘ॲन इयर’ लिहिलं जातं, आणि वाचणाऱ्याला तो कान वाटू शकतो. बरोबर ते ‘अ यिअर’. एसटीला ‘यष्टी’ म्हणणाऱ्याला ‘अ एसटी बस’च बरोबर वाटणार, पण इंग्रजी अक्षराचा उच्चार ‘एस’ आहे, म्हणून ‘ॲन एसटी बस’. हा निर्णय लगेच पुढे येणाऱ्या शब्दावर होतो, मुख्य नामावर नाही: ‘ॲन अंब्रेला’, पण ‘अ ब्लॅक अंब्रेला’.

‘द’ हा मराठीभाषकाला सगळ्यात अवघड वाटतो, कारण आपल्याकडे तसा वेगळा शब्द नाही. फरक मात्र आहे. ‘मी डॉक्टर शोधतोय’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ ही वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात कोणीही डॉक्टर चालेल: ‘आय ॲम लुकिंग फॉर अ डॉक्टर’. दुसऱ्यात कोणते डॉक्टर हे बोलणाऱ्यालाही माहीत आहे आणि ऐकणाऱ्यालाही: ‘द डॉक्टर’. माणसं आणि प्राणी कर्माच्या जागी असताना हा ‘-ला/-ना’ बराच भरवशाचा इशारा देतो. एरवी मनात ‘कोणता?’ असा प्रश्न विचारायचा. ऐकणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असेल किंवा त्याच फ्रेजमध्ये मिळत असेल, तर ‘द’. संपूर्ण जातीबद्दल बोलताना अनेकवचन ‘द’शिवाय येतं: ‘काउज ईट ग्रास’. ‘द काउज’ म्हटलं की शेजाऱ्याच्या गोठ्यातल्या वगैरे ठरावीक गायी.

मुख्य नामाच्या आधीच्या जागाही ठरलेल्या आहेत. सगळ्यात पुढे ‘ऑल’, ‘बोथ’, ‘हाफ’. मग ‘अ’, ‘द’, ‘दिस’, ‘दोज’, ‘माय’, ‘सीताज’ यांची जागा. मग संख्या आणि क्रम: ‘ऑल माय थ्री ब्रदर्स’, ‘द फर्स्ट टू पेजेस’. मधल्या जागेत एकच शब्द मावतो, आणि मराठी इथे हमखास आड येते. आपण ‘माझं हे पुस्तक’ म्हणतो. ‘माय दिस बुक’ मात्र चालत नाही, कारण ‘माय’ आणि ‘दिस’ एकाच खुर्चीवर बसू बघतात. त्यातला एक मागे पाठवावा लागतो: ‘दिस बुक ऑफ माइन’. ‘माझा एक मित्र’ हा ‘माय वन फ्रेंड’ नव्हे, त्याचा अर्थ ‘माझा एकुलता एक मित्र’ असा लागू शकतो. ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ म्हणा.

विशेषणांच्या क्रमाची यादी पुस्तकांत असते: मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, द्रव्य, उपयोग. ती घोकायची फारशी गरज नाही, कारण मराठी कान साधारण तसाच लागलेला असतो. ‘सुंदर मोठी जुनी लाकडी पेटी’ बरोबर वाटते, ‘लाकडी जुनी सुंदर पेटी’ खटकते. इंग्रजीतही ‘वुडन’ नामाला चिकटून राहतं. लक्ष द्यायचं ते वचनाकडे. आपली बरीच विशेषणं बदलतात, चांगला–चांगली–चांगले अशी. इंग्रजी विशेषण बदलत नाही. ‘अदर स्टुडंट्स’, ‘अदर्स स्टुडंट्स’ नाही. ‘दहा रुपयांची नोट’ यातलं अनेकवचन मनात असतं, म्हणून ‘टेन रुपीज नोट’ लिहिलं जातं. पण ‘नोट’च्या आधी बसलेलं ‘रुपी’ आता विशेषणाचं काम करतंय, म्हणून ‘अ टेन-रुपी नोट’. तसंच ‘अ फाइव्ह-यिअर-ओल्ड बॉय’, ‘अ थ्री-डे ट्रिप’. नामापुढून हललं की ‘एस’ परत येतो: ‘द बॉय इज फाइव्ह यिअर्स ओल्ड’.

नामापुढे नाम आलं तर शेवटचं मुख्य. मराठी तत्पुरुष समासात उत्तरपद प्रधान असतं, तोच प्रकार. ‘हॉर्स रेस’ ही शर्यत, ‘रेस हॉर्स’ हा घोडा. लांबलचक सरकारी नावं उजवीकडून वाचली की उलगडतात. ‘महाराष्ट्र स्टेट रोड ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन’: मुख्य नाम ‘कॉर्पोरेशन’, कशाचं? ‘ट्रान्सपोर्ट’चं, कुठल्या? ‘रोड’वरच्या, कुणाचं? ‘महाराष्ट्र स्टेट’चं. ‘महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ’ हा क्रम तंतोतंत तोच. पण ‘ऑफ’ आला की मुख्य नाम मधे सरकतं आणि मराठी क्रम उलटतो: ‘लाइफ इन्शुरन्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ म्हणजे ‘भारतीय आयुर्विमा महामंडळ’. ‘ऑफ’वाल्या अशा नावांना वाक्यात सहसा ‘द’ लागतो, नुसत्या गावाच्या नावाने सुरू होणाऱ्यांना नाही: ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’, पण ‘मुंबई युनिव्हर्सिटी’. पुण्याच्या विद्यापीठाचं इंग्रजी नाव ‘युनिव्हर्सिटी ऑफ पुणे’ होतं तोवर वाक्यात ‘द’ लिहावा लागत असे. 2014 साली ते ‘सावित्रीबाई फुले पुणे युनिव्हर्सिटी’ झालं आणि तो ‘द’ गळाला. जुन्या सवयीने तो अजून बऱ्याच बायोडेटांत दिसतो.

खरी कसरत मुख्य नामाच्या मागे आहे. मराठीत ‘-तला’, ‘-वरचा’, ‘-णारा’, ‘-लेला’ हे सगळे नामाच्या आधी येतात. इंग्रजीत त्यांना मागे, म्हणजे नामानंतर, जावं लागतं, आणि प्रत्येकाची वाट ठरलेली आहे. ‘-तला’, ‘-वरचा’ यांचं ‘इन’, ‘ऑन’ होतं: टेबलावरचं पुस्तक, ‘द बुक ऑन द टेबल’. ‘-णारा’साठी ‘-इंग’ किंवा ‘हू’: गेटपाशी थांबणारा माणूस, ‘द मॅन वेटिंग ॲट द गेट’. ‘-लेला’साठी क्रियापदाचं तिसरं रूप किंवा ‘दॅट’: तिने लिहिलेलं पत्र, ‘द लेटर रिटन बाय हर’ किंवा ‘द लेटर दॅट शी रोट’. ‘प्यायला पाणी’ यातल्या ‘-यला’साठी ‘टू’: ‘वॉटर टू ड्रिंक’. बसायला खुर्ची मात्र ‘अ चेअर टू सिट ऑन’. खुर्ची’वर’ बसतात, तो ‘वर’ इंग्रजीत शेवटी उरतो आणि नेमका तोच लिहायचा राहतो.

‘-लेला’ एकटाच असेल तर तो आधीही चालतो: चोरलेली बाइक, ‘द स्टोलन बाइक’. त्याच्याबरोबर आणखी शब्द आले की सगळा गट मागे: ‘द बाइक स्टोलन फ्रॉम द पार्किंग लॉट’. ‘दॅट’ वापरताना दुसरी चूक होते: ‘द बुक दॅट आय बॉट इट’. इथे ‘दॅट’नेच पुस्तकाची जागा घेतली आहे, ‘इट’ला काम उरत नाही.

एक फ्रेज बांधून बघू: ‘गेल्या आठवड्यात रत्नागिरीहून आलेल्या आंब्यांच्या दोन पेट्या’. मराठीतलं शेवटचं नाम उचला: ‘बॉक्सेस’. त्याच्या अगदी जवळचा शब्द संख्या आहे, तो पुढे ठेवा: ‘टू बॉक्सेस’. आता डावीकडे एकेक पाऊल मागे जात इंग्रजीत पुढे लिहायचं. ‘आंब्यांच्या’: ‘ऑफ मँगोज’. ‘आलेल्या’: ‘दॅट केम’. ‘रत्नागिरीहून’: ‘फ्रॉम रत्नागिरी’. ‘गेल्या आठवड्यात’: ‘लास्ट वीक’. पूर्ण झालं: ‘टू बॉक्सेस ऑफ मँगोज दॅट केम फ्रॉम रत्नागिरी लास्ट वीक’. डावीकडून लिहायला घेतलं असतं तर ‘लास्ट वीक फ्रॉम रत्नागिरी केम’ इथेच अडकायला झालं असतं.

मागे जाणाऱ्या या तुकड्यांची अडचण अशी, की ते कुणाला चिकटलेत ते दर वेळी स्पष्ट नसतं. ‘द पोलीस चेज्ड द थीफ ऑन अ बाइक.’ बाइकवर कोण? सर्वनामाची चाचणी लावा. ‘द पोलीस चेज्ड हिम’ असं होत असेल, तर ‘ऑन अ बाइक’ चोराच्या फ्रेजमध्ये गेलं, बाइकवर चोर. ‘द पोलीस चेज्ड हिम ऑन अ बाइक’ असं होत असेल, तर ते फ्रेजच्या बाहेर आहे, पाठलाग बाइकवरून झाला. दोन्ही अर्थ शक्य असल्याने वाक्यच बदलायला हवं. चोर बाइकवर असेल तर ‘द थीफ, हू वॉज ऑन अ बाइक, वॉज चेज्ड बाय द पोलीस’. पोलीस असतील तर ‘द पोलीस गॉट ऑन अ बाइक अँड चेज्ड द थीफ’. मराठीत ‘बाइकवरच्या चोराचा’ की ‘बाइकवरून’ हे प्रत्ययच सांगून टाकतो, त्यामुळे अनुवाद करताना हा घोटाळा मराठी वाक्यात दिसत नाही. तो तपासायचा तर इंग्रजी वाक्य लिहून झाल्यावर, मूळ मराठी बाजूला ठेवून.